खाडीच्या गाळातला पारा, शिसं वाळा लावून निघतं का? सोसायटीने ठराव करावा का?

खाडीकाठचा

नमस्कार मंडळी. ठाणे खाडीच्या पूर्वेच्या अंगाला, ऐरोली पुलापासून फार लांब नाही, असं आमचं गाव. घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. बाबा अजून पाग टाकतात, काका डोल लावतात, मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. त्यामुळे असं काही निघालं की लोक माझ्याकडे येतात. या वेळी मात्र मला खात्रीने काही सांगता येत नाहीये, म्हणून इथे विचारतो.

एक संस्था आमच्या मच्छीमार सोसायटीकडे योजना घेऊन आली आहे. खाडीच्या गाळात पारा, शिसं, कॅडमियम, क्रोमियम साठलंय, हे त्यांचं म्हणणं आम्हालाही मान्य आहे. उपाय म्हणून काठाच्या चिखलात वाळा लावायचा, नाल्यांच्या तोंडाशी जलपर्णीचे तराफे सोडायचे, झाडं धातू शोषून घेतील. शिवाय जेट्टीपासून होड्यांच्या वाटेतला वरचा गाळ मशीनने उपसून तिवरांच्या मागे मोकळ्या जागेत टाकायचा. तीन वर्षांत गाळ स्वच्छ, असं कागदावर छापलंय. सोसायटीने संमतीचा ठराव करून द्यायचा आहे.

गावात दोन तट पडलेत. म्हातारी माणसं म्हणतात, काहीतरी होतंय ना, होऊ द्या. बाबांचं म्हणणं, गाळ उपसला की दोन हंगाम चिंबोरी दिसत नाही. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. वाळा आणि जलपर्णीने हे धातू खरंच निघतात का? आणि गाळ उपसणं बरं की वाईट?

तिसरी गोष्ट घरची आहे. वहिनीला पाचवा महिना चालू आहे. आमच्याकडे जेवणात खाडीची मासळी रोजची: बोय, निवटे, कोळंबी, चिंबोरी, कधी जिताडा. आई म्हणते आगळ लावून शिजवलं की सगळं मरतं. मी काय सांगू?

हिरवी_बाग

दादा, जलपर्णी धातू शोषते हे खरं आहे, त्यावर शेकड्याने शोधनिबंध आहेत. वाळ्याच्या मुळ्या तर दोन-तीन मीटर खोल जातात. स्वस्त उपाय आहे, वीज लागत नाही, रसायन लागत नाही. करून बघायला काय हरकत आहे? काहीच न करण्यापेक्षा बरं. आणि रोहित पक्षी दरवर्षी एवढ्या संख्येने येतात, म्हणजे खाडी अगदीच वाईट नसावी.

गाळ_आणि_पाणी

खाडीकाठचा, तुमचा प्रश्न वाचला आणि सविस्तर लिहायला बसले. मी रसायनशास्त्रातली, आता निवृत्त. नोकरीचा मोठा काळ खाडीच्या गाळाचे नमुने घेण्यात आणि तपासण्यात गेला. ठराव करण्याआधी ही सगळी माहिती सोसायटीतल्या प्रत्येकासमोर असावी असं मला मनापासून वाटतं.

आधी गाळात डोकावू. ओहोटीला फळीवर गुडघा टेकून चिखलात जायचं आणि प्लास्टिकची जाड नळी सरळ खाली दाबायची. वरून बूच घट्ट लावून ती वर काढली की आत गाळाचा उभा दांडा येतो. वरचा बोटभर थर तपकिरी. त्याखाली एकदम काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा. हा काळा गाळ पांढऱ्या ताटलीत काढून उघडा ठेवा, तासाभरात त्याच्या कडा तपकिरी व्हायला लागतात. तुमच्या वर्गातल्या मुलांना हे जरूर दाखवा, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या ताटलीतच आहे.

काळ्या थरात प्राणवायू नसतो. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं. तिथले जिवाणू त्यावर जगतात आणि सल्फाइड तयार करतात. तो वास त्याचाच. शिसं, कॅडमियम, जस्त, तांबं, पारा या सल्फाइडला चिकटतात आणि जवळजवळ न विरघळणारे होऊन बसतात. गाळाचा काळा रंग लोखंडाच्या सल्फाइडचा. म्हणजे वर्षानुवर्षं येत राहिलेला पुष्कळसा धातू खाडीने स्वतःच खाली बांधून ठेवलेला आहे. हवा लागली की ही बांधणी सुटते. ताटलीतल्या गाळाच्या कडा बदलताना दिसतात ते हेच. होड्यांच्या वाटेतला गाळ मशीनने उपसून तिवरांच्या मागे उघड्यावर टाकला तर तो सुकेल, भेगाळेल, त्याच्यात आम्ल तयार होईल, आणि पहिल्या पावसात सुटा झालेला धातू पुन्हा पाण्यात उतरेल. खाडीच्या खारट पाण्यातल्या क्लोराइडमुळे कॅडमियम तर आणखी सहज वाहतं. बाबा म्हणतात तसा चिंबोरीवर परिणाम होतोच, पण त्याहून मोठा धोका हा आहे.

पाऱ्याचं मात्र जरा वेगळं. तेच सल्फेटवर जगणारे जिवाणू थोड्या पाऱ्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. हे रूप मासळीच्या अंगात भिनतं आणि लहान माशाकडून मोठ्या माशाकडे जाताना वाढत जातं. त्यामुळे गाळात पारा किती आहे एवढं कळून पुरत नाही, त्यातला किती मिथाइल झालाय आणि मासळीत किती पोचलाय हे बघावं लागतं. पेपरात छापून येतात ते बहुतेक आकडे गाळातल्या एकूण धातूचे असतात. एकूण शिसं जास्त निघालं म्हणून ते सगळं जिवांना लागतंच असं नाही. आणि कमी निघालं तरी ते सुटं असेल तर लागतं. १९७९ पासून गाळातल्या धातूचे पाच वाटे वेगवेगळे काढून मोजायची एक पद्धत आहे: सहज सुटणारा, चुन्याला धरलेला, लोखंड-मँगनीजच्या गंजाला धरलेला, सेंद्रिय आणि सल्फाइडला धरलेला, आणि खडकाच्या कणांतच अडकलेला. योजना आणणाऱ्यांकडे यातली कुठली तपासणी आहे का, हे पहिल्यांदा विचारा.

आता वाळा. वाळा हे अतिशय गुणी गवत आहे. खाणींच्या मातीवर, कचऱ्याच्या डोंगरांवर, घसरणाऱ्या बांधांवर मी त्याचं काम पाहिलंय. पण दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्यात बुडणाऱ्या चिखलात ते टिकत नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पावसाळ्यात खाडी गोडी होते तेव्हा रोपं तग धरतील, फोटो छान येतील, आणि उन्हाळ्यापर्यंत मरतील. जलपर्णीचंही तेच, ती गोड्या पाण्यातली.

समजा, एखादी वनस्पती तगली. तरी हिशेब मांडून बघा. एक हेक्टर चिखल, वरचा ३० सेंटिमीटरचा थर, म्हणजे ३,००० घनमीटर. सुका धरला तर साधारण दोन हजार टन. किलोमागे ६० मिलिग्रॅम शिसं धरलं तर १२० किलो शिसं झालं. चांगली वाढलेली वनस्पती वर्षाला हेक्टरी दहा टन सुका पाला देईल आणि पाल्यात किलोमागे २० मिलिग्रॅम शिसं चढलं असं धरू. म्हणजे वर्षाला २०० ग्रॅम. १२० किलो काढायला ६०० वर्षं. हे आकडे समजुतीपुरते घेतलेत, तुमच्या चिखलाचे नाहीत. पण त्यात दुप्पट-चौपट फरक केला तरी 'तीन वर्षांत स्वच्छ' हे कुठल्याही बाजूने जुळत नाही. शिवाय शिसं आणि पारा बहुतेक झाडांच्या मुळांतच अडकतात, वर पाल्यात फार चढत नाहीत. कापून न्यायचं म्हटलं तरी नेणार काय?

आणि ज्या झाडाला हे काम जमतं ते तुमच्या दारात उभं आहे. तिवराचं एखादं लहान मूळ धुऊन बघा, त्यावर गंजासारखा तपकिरी लेप दिसतो. मूळ आतून हवा सोडतं, त्यामुळे भोवतालचं लोखंड त्याच्यावर गंजून बसतं आणि त्या लेपात धातू अडकतात. शिवाय मुळं गाळ धरून ठेवतात, लाटांनी तो पुन्हा ढवळला जात नाही. तिवर धातू 'काढत' नाही, जागच्या जागी बांधून ठेवतं. जस्त आणि तांबं थोडं पानांत जातं आणि पानगळीबरोबर परत येतं, तेवढं सोडा. तिवरं तोडली किंवा त्यांच्या मागे भराव टाकून पाणी अडवलं की हीच साठवण उलटते. योजनेत 'तिवरांच्या मागे मोकळी जागा' हे शब्द वाचून मला सर्वांत जास्त काळजी वाटली. ती जागा मोकळी नसते. तिथे उधाणाचं पाणी जातं, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१८ च्या आदेशांनंतर कांदळवनात आणि त्याच्या ५० मीटरच्या पट्ट्यात भराव टाकता येत नाही. सोसायटीने संमती दिली तर उद्या त्या कागदावर तुमची सही असेल.

रोहित पक्ष्यांबद्दल: ते येतात याचा मलाही आनंद आहे. २०१५ मध्ये इथे त्यांचं अभयारण्य झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, या दोन्ही गोष्टींनी खाडीला संरक्षण मिळालं. पण शहरांच्या सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर शेवाळ वाढतं आणि छोटा रोहित शेवाळ खातो. त्याचं येणं हा गाळात धातू नसल्याचा पुरावा नव्हे.

वहिनीच्या प्रश्नाचं वेगळं लिहिते, तो घाईत उरकायचा नाही.

प्लेटिंगवाला

ताईंनी गाळाचं सांगितलं, मी नाल्याच्या वरच्या टोकाचं सांगतो. माझं औद्योगिक वसाहतीत छोटं क्रोम प्लेटिंगचं युनिट आहे. खाडीत धातू जातो तो आमच्यासारख्यांच्या शेडमधूनच जातो, आणि तो तिथेच थांबवता येतो. म्हणून हे लिहिणं मला गरजेचं वाटतं.

क्रोमच्या बाथमध्ये, म्हणजे मुलामा चढवायच्या द्रावणाच्या टाकीत, लिटरला २५० ग्रॅम क्रोमिक ॲसिड असतं. त्यात निव्वळ क्रोमियम १३० ग्रॅम. रॅकवर जॉब, म्हणजे मुलामा द्यायचा भाग, लावलेला असतो, तो बाथमधून वर काढला की अंगावरून पिवळंलाल पाणी गळतं. घाईत तो तसाच धुण्याच्या टाकीत बुडवला की हे क्रोम धुणाच्या पाण्यात आलं. दिवसभरात असं एक लिटर बाथचं पाणी जरी बाहेर गेलं, तरी ते एकूण क्रोमियमच्या लिटरला २ मिलिग्रॅमच्या मर्यादेत आणायला ६५ हजार लिटर पाणी लागेल. आणि हा सहा संयुजेचा क्रोमियम, विषारी तो. त्याची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे त्या एका लिटरला १३ लाख लिटर.

उपाय महाग नाहीत. रॅक बाथच्या वरच दहा-पंधरा सेकंद धरायचा, निथळू द्यायचा. आम्ही आडवा दांडा लावलाय, पोरगा रॅक त्यावर अडकवतो आणि दुसरा उचलतो. धुण्याची पहिली टाकी वाहती ठेवायचीच नाही. त्यात क्रोम जमत जातं आणि बाथ गरम असल्यामुळे रोज वाफेने उतरतो, तेव्हा तेच पाणी परत बाथमध्ये घालायचं. पुढच्या टाक्यांना पाणी उलट्या दिशेने द्यायचं: स्वच्छ पाणी शेवटच्या टाकीत, तिथून मधल्या टाकीत. पाण्याचा वापर एकदम खाली येतो आणि क्रोमिक ॲसिडचं बिलही.

उरलेल्या पाण्याला आधी आम्ल करायचं, पीएच अडीचच्या आसपास, मग सोडियम मेटाबायसल्फाइट. पिवळं पाणी डोळ्यांसमोर हिरवं होतं. पिवळ्याची झाक राहिली म्हणजे काम झालेलं नाही, पुढे जायचं नाही. मग चुन्याने पीएच साडेआठ-नऊ, हिरवट गाळ खाली बसतो. तो फिल्टर प्रेसमधून काढून घातक कचऱ्याच्या अधिकृत जागी पाठवायचा, चलन जपून ठेवायचं.

हे सगळे करत नाहीत. मुसळधार पावसाच्या रात्री आमच्या मागच्या नाल्याचा रंग कसा बदलतो ते मी पाहिलंय. वसाहतीच्या सामाईक प्रक्रिया केंद्राकडेही बोट दाखवून भागत नाही, कारण ते मुख्यतः सेंद्रिय घाणीसाठी बांधलेलं असतं. तिथे क्रोम, निकेल असंच गेलं तर जिवाणू मरतात आणि धातू अर्धा तिथल्या गाळात, अर्धा पुढे. माझं मत विचाराल तर गावाने खाडीत झाडं लावण्याआधी नाल्याच्या तोंडाशी पाणी तपासायची मागणी करावी, आणि ती पावसाळ्यात, रात्री.

गाळ_आणि_पाणी

प्लेटिंगवाला, तुम्ही हे उघडपणे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. यातला प्रत्येक शब्द सोसायटीत वाचून दाखवण्यासारखा आहे. एक भर घालते. १९८६ च्या पर्यावरण नियमांतली सर्वसाधारण मानकं लिटरमागे आहेत. किनाऱ्याच्या पाण्यात सोडताना शिशाची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम. रोज दहा लाख लिटर पाणी या मर्यादेच्या काठावर सोडलं तर दिवसाला २ किलो शिसं, वर्षाला सातशे किलोच्या वर, आणि कागदोपत्री कुठेही नियमभंग नाही. वरच्या हिशेबातल्या एका हेक्टर चिखलात मिळून १२० किलो होतं हे आठवा. ठाण्याकडे खाडी चिंचोळी आणि उथळ होत जाते, पावसाळा सोडला तर गोडं पाणी फार कमी, भरती-ओहोटीबरोबर तेच पाणी मागे-पुढे हलत राहतं. तिथे लिटरमागच्या मर्यादेपेक्षा एकूण किती किलो आत आलं याला महत्त्व आहे. लढायचंच असेल तर तुमच्या गावाने या किलोंच्या हिशेबासाठी लढावं.

आता वहिनी. पहिलं म्हणजे तिला घाबरवू नका आणि मासे पूर्ण बंद करू नका. बाळाच्या मेंदूसाठी मासळी उत्तम अन्न आहे. आईंना प्रेमाने सांगा की आगळाने, चिंचेने, जास्त शिजवल्याने धातू जात नाही. मिथाइल पारा माशाच्या मांसातल्या प्रथिनांनाच धरून असतो.

जागतिक पातळीवरच्या तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये पोटातल्या बाळाचा विचार करून मिथाइल पाऱ्याची आठवड्याची मर्यादा ठरवली: वजनाच्या किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या बाईला आठवड्याला ९६ मायक्रोग्रॅम. किलोमागे अर्धा मिलिग्रॅम मिथाइल पारा असलेला मासा असेल तर आठवड्याला दोनशे ग्रॅमच्या आतच ही मर्यादा संपते. त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका असेल तर पावणेदोन किलो खाल्ला तरी आत राहते. म्हणून कुठला मासा, हे बघायचं. मोठे, शिकारी, म्हातारे मासे नकोत: मुशी, मोठी सुरमई, खाडीतला मोठा जिताडा. बाहेरच्या समुद्राचे लहान मासे, म्हणजे मांदेली, बोंबील, बांगडा, तारली, हे खुशाल खाऊ द्या. खाडीच्या चिखलातले खुबे आणि कालवं या महिन्यांत टाळा. ती पाणी गाळून जगतात आणि शिसं, कॅडमियम अंगात धरतात. चिंबोरी खायचीच झाली तर नांग्या आणि पायांचं पांढरं मांस खावं, पाठीच्या कवचातला पिवळट-तपकिरी गर नको, कॅडमियम तिथे साठतं. मला माहीत आहे की तोच भाग सगळ्यांना आवडतो. बाळ होऊन अंगावरचं दूध सुटेपर्यंत थांबा. आणि तपासणीच्या वेळी डॉक्टरांना खाडीकाठी राहतो, रोज मासळी खातो, हे आपणहून सांगा.

हिरवी_बाग

ताई, म्हणजे काहीच करायचं नाही का? जे आहे ते तसंच पडू द्यायचं? मिनामाताला तर अख्खा उपसागर साफ केला म्हणतात.

गाळ_आणि_पाणी

साफ केला, आणि कसा केला हे सांगते, कारण तेच इथे उपयोगी आहे. जपानमधल्या मिनामाता गावातल्या कारखान्याचं पारा असलेलं पाणी १९३२ पासून १९६८ पर्यंत खाडीत जात राहिलं. मासळीतून झालेल्या पाऱ्याच्या विषबाधेचा आजार अधिकृतपणे नोंदला गेला १९५६ मध्ये, म्हणजे कळल्यानंतरही बारा वर्षं ते चालूच होतं. उपसा सुरू झाला १९७७ मध्ये, सोडणं थांबल्यावर नऊ वर्षांनी. तो १९९० पर्यंत चालला. किलोमागे २५ मिलिग्रॅमच्या वर पारा असलेलाच गाळ घ्यायचा असं ठरलं होतं. गाळ ढवळू नये म्हणून पंपाने शोषून घेतला, पक्क्या बांधाच्या आत भरला आणि वर स्वच्छ माती घातली. पंधरा लाख घनमीटर गाळ, ५८ हेक्टर भराव, सुमारे ४८५० कोटी येन खर्च. पारा लागलेले मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून उपसागराच्या तोंडाला लावलेली जाळी १९९७ मध्ये निघाली. त्यातला एकही ग्रॅम पारा नष्ट झालेला नाही, तो भरावाखाली आहे आणि बांधाची देखभाल आजही करावी लागते.

तेव्हा उपशाला माझा विरोध नाही, आंधळ्या उपशाला आहे. एखाद्या जुन्या नाल्याच्या तोंडाशी, शंभर-दोनशे मीटरच्या तुकड्यात धातू बाकीच्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. तेवढा तुकडा नीट मोजून, भांगाच्या दिवसांत पाण्याची ओढ कमी असताना, भोवती गाळ अडवणारा पडदा लावून काढावा आणि थेट घातक कचऱ्याच्या जागी न्यावा. काही ठिकाणी न काढता वरून स्वच्छ गाळाचा किंवा वाळूचा थर देतात. काही ठिकाणी चिखलावर सक्रिय कोळशाची पूड पसरतात. ती मिथाइल पारा धरून ठेवते आणि किड्यांत, माशांत जाऊ देत नाही. अमेरिकेत खाऱ्या दलदलींमध्ये याचे प्रयोग झालेत, झाडं न तोडता. आपल्याकडच्या भरती-ओहोटीत ती पूड जागेवर राहते का, हे आधी छोट्या तुकड्यात बघावं लागेल.

आणि वनस्पतींना खरी जागा आहे ती नाल्यात, भरती पोचत नाही त्या वरच्या गोड्या पट्ट्यात. कारखान्यांनी आपापलं पाणी शुद्ध केल्यावर जे थोडं निसटतं, त्यासाठी उथळ वाफे करून पाणकणीस, नळ, लव्हाळा लावता येतो. तिथेही गंमत तीच: धातू झाडात कमी आणि झाडांनी धरलेल्या तळच्या काळ्या गाळात जास्त बसतो. पाणी सावकाश फिरलं पाहिजे, तळ सुकता कामा नये आणि पावसाळ्याचा लोंढा बाजूने काढून द्यायची वाट हवी. नाहीतर एका जुलैच्या रात्रीत वाफे धुपून सगळं खाडीत. काही वर्षांनी तो तळ उपसून घातक कचरा म्हणून न्यावा लागतो. त्याचा खर्च कोण करणार हे पहिल्या दिवशी लिहून घ्यायचं.

खाडीकाठचा

ताई, प्लेटिंगवाले दादा, दोघांचे आभार कसे मानू कळत नाही. काल घरी सगळं वाचून दाखवलं. आई गप्प बसून ऐकत होती, मग म्हणाली की उद्यापासून सुनेला मांदेली. वहिनीला बरं वाटलं, कारण तिला कुणी विचारत नव्हतं आणि तिच्या मनात भीती होती.

बाबांना तिवराचं पटलं. त्यांच्या बोलण्यात एक आलं: आमच्या बाजूच्या दोन नाल्यांपैकी एकाच्या तोंडाशी बऱ्याच काळापासून निवटे नाहीत, दुसऱ्याच्या तोंडाशी आहेत. याला काही अर्थ आहे का? आणि ठरावात नेमकं काय लिहू?

गाळ_आणि_पाणी

बाबांच्या निरीक्षणाला खूप अर्थ आहे. निवटे नसण्याची कारणं धातूखेरीज इतरही असू शकतात: तेल, प्राणवायूची कमतरता, चिखलाचा पोत बदलणं. पण नमुने घ्यायची पहिली जागा ठरली. ते दोन्ही नाले, आणि तिसरी जागा दोन्हींपासून लांब, तुलनेसाठी.

ठरावात संमती देऊ नका आणि नकारही देऊ नका. अटी लिहा. योजना आणणाऱ्यांनी आधी या तीन जागांचे गाळाचे दांडे घ्यावेत, पावसाळ्याआधी आणि नंतर, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून. प्रत्येक थराचा वेगळा आकडा हवा, एकूण धातूचाही आणि सहज सुटणाऱ्या वाट्याचाही. गाळाचे कण किती बारीक आहेत तेही, कारण बारीक चिखलात धातू मुळातच जास्त असतो आणि वाळूशी त्याची तुलना फसवी ठरते. मासळीचे नमुने सोसायटीच्या माणसासमोर घ्यावेत: बोय, चिंबोरी, खुबे, जिताडा, त्यांत एकूण पारा, मिथाइल पारा, शिसं आणि कॅडमियम. निकाल मराठीत, गावाच्या फलकावर. तिवरांच्या मागे गाळ टाकायला गावाची हरकत आहे हे स्वतंत्र वाक्यात लिहा. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम रामसर स्थळाला लागू होतात, तेव्हा राज्याच्या पाणथळ प्राधिकरणाला आणि कांदळवन कक्षाला ठरावाची प्रत द्या आणि पोच घ्या. प्लेटिंगवाल्यांची सूचना, नाल्याच्या तोंडाशी पावसाळ्यातल्या रात्रीचे पाण्याचे नमुने, ही प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे वेगळ्या अर्जाने मागा.

मुलांना घेऊन स्वतः गाळ काढणार असाल तर लोखंडी खुरपं किंवा चमचा वापरू नका, प्लास्टिकचा घ्या. हातमोजे घाला. बाटल्यांवर जागा, वेळ आणि भरती-ओहोटी लिहा.

हिरवी_बाग

रोहित पक्ष्यांचं आणि वाळ्याचं पटलं. एक शेवटचं विचारते. आमच्या सोसायटीमागच्या नाल्यातली जलपर्णी दर उन्हाळ्यात काढतात आणि आम्ही तिचं खत करून गच्चीवरच्या भाज्यांना घालतो. नाल्याला वर गॅरेज आणि बॅटरीची दुकानं आहेत.

गाळ_आणि_पाणी

पालकाला, माठाला, मुळ्याला घालणं आजच थांबवा. तुम्हीच म्हणालात की जलपर्णी धातू शोषते. खत होताना पाला कुजून कमी होतो, धातू तेवढाच राहतो, म्हणून खतात त्याचं प्रमाण उलट वाढतं. बॅटरीच्या दुकानांमुळे शिशाची तपासणी पहिली करा. तयार खताचा नमुना माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या आणि शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल मुद्दाम लिहून मागा, नेहमीच्या तपासणीत ते नसतं. खताच्या नियमांत सेंद्रिय खतासाठी यांच्या मर्यादा दिलेल्या आहेत, त्यांच्याशी निकाल ताडून बघा. निकाल येईपर्यंत ते खत झाकून एका कोपऱ्यात ठेवा, पावसाचं पाणी त्यातून झिरपू देऊ नका.